आषाढात वाचलेलं, पौषात वाचायचं

आमच्या धंद्यात वाचायचे महिने ठरलेले असतात. तुळशीची लग्नं लागली की ब्लाऊजांचा ढीग पडायला लागतो, तो मार्गशीर्ष संपेपर्यंत हटत नाही. पौषात मुहूर्त नसतात म्हणून चार दिवस हात मोकळे. माघापासून पुन्हा तेच, आणि वैशाखात तर एका हातात पोळीचा तुकडा नि दुसऱ्या हातात कात्री. आषाढी एकादशी होते, चातुर्मास बसतो, पाऊस कुणाला रस्त्यावर फिरकू देत नाही, तेव्हा कुठे मशीनवर झाकण चढवायचं आणि पुस्तक उघडायचं. सव्वीस वर्षं मी चिपळुणात शिवणकाम करते आहे. वाचनाची ओढ त्याच्याही आधीची, पण वाचनाला वेळापत्रक दिलं ते या मशीननं.

यंदाच्या, म्हणजे २०२५च्या आषाढापासून बारा-तेरा पुस्तकं झाली. सगळ्यांबद्दल लिहीत नाही. ज्यांनी सोडलं नाही, शिवताना, भाकरी थापताना जी डोक्यात फिरत राहिली, त्यांच्याबद्दल लिहिते. आणि येत्या पौषात काय वाचायचं ठरवलंय तेही. आत्ता खुंटीला चौदा ब्लाऊज हूक-काजांसाठी लटकलेत, रात्रीचे सव्वाअकरा वाजलेत, तरी हे आज लिहायचंच होतं.

आधी कपाटाबद्दल. २२ जुलै २०२१च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी पेठमापात आमच्या घरात शिरलं. घर तळमजल्याचं. सासूबाईंना आणि मुलीला शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर पोचवेपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं. दुपारी ते पंख्याच्या पात्यांपर्यंत होतं. उतरल्यावर आत गेलो तर मशीन चिखलात आडवी पडलेली आणि पुस्तकांच्या कपाटाचं दार उघडेना. भिजलेली पुस्तकं फुगतात. एकमेकांत इतकी घट्ट बसतात की एकही ओढून काढता येत नाही. प्लायवूड फोडून ती अख्ख्या भिंतीसारखी बाहेर काढावी लागली. दोनशेच्या वर होती. मापांची वही गेली आणि तिच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलेली पुस्तकांची यादीही गेली. गिऱ्हाइकांची मापं पुन्हा घेता आली. यादी आठवून आठवून लिहिली, ती एकशे सत्तरच्या पुढे गेली नाही. उरलेली कुठली होती हे रात्री अंथरुणावर पडल्यावर अजून आठवत बसते. मागच्या महिन्यात त्यातलं एक सापडलं, ‘माणदेशी माणसं’. तेही व्यंकटेश माडगूळकरांचंच दुसरं पुस्तक वाचताना.

तेव्हापासून मी महिन्याला एखादंच पुस्तक विकत घेते आणि ते माळ्यावर ठेवते. बाकीची वाचनालयातून. आमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ सालचं आहे. पुरानं त्यालाही सोडलं नव्हतं, २००५ला नाही आणि २०२१लाही नाही. तरी ते उभं आहे, आणि तिथल्या मॅडमना आता माझी आवड इतकी माहीत झालीय की मी काउंटरला पोचायच्या आत त्या आत वळतात.

त्यांनीच आषाढात हातात ठेवली कृष्णात खोतांची ‘रिंगाण’. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. खोत पन्हाळा तालुक्यातले, आणि कादंबरीची भाषाही तिकडचीच, अंगाला मातीचा वास असलेली. सुरुवातीची वीसेक पानं मला जड गेली. शब्द अडत होते, वाक्य कुठे थांबतं ते कळत नव्हतं. मग मी ती मोठ्यानं वाचायला लागले आणि गाठ सुटली. ही भाषा डोळ्यांसाठी लिहिलेलीच नाही, कानांसाठी आहे. धरणासाठी उठवलेलं गाव नव्या जागी येऊन पडलंय, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा त्या जुन्या जागी परत जातो. म्हैस मात्र आता दावणीची राहिलेली नाही, रानाची झालीय. तो तिच्यामागे, आणि त्याच्याबरोबर आपणही. एवढीच गोष्ट. पण या एवढ्या गोष्टीत गाव उठणं म्हणजे काय असतं ते इतक्या बाजूंनी दिसतं की मला मध्ये मध्ये पुस्तक मिटून पाऊस बघत बसावं लागलं.

मोठ्यानं वाचत होते म्हणून सासूबाई ऐकत होत्या. त्यांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. लग्न होऊन त्या चिपळुणात आल्या आणि थोड्याच वर्षांत माहेरचं गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेलं. त्यांची भावंडं कुठे कुठे पांगली. हे मला इतकी वर्षं माहीत होतं, पण जसं आपल्याला कुणाचं गोत्र माहीत असतं, तसं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या आणि मी कधी विचारलं नव्हतं. म्हशीचा भाग आला तेव्हा त्यांनी वाती वळायचं थांबवलं आणि विचारलं, “दावं सोडलं व्हतं का तिचं?” मी म्हटलं, थांबा, वाचते पुढे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतःच मशीनपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, वाच. असं आठ दिवस चाललं. आठव्या दिवशी त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरची गुरं सगळी नेली होती, पण मांजर काही आलं नाही. त्यांची आई तिसऱ्या दिवशी मांजरासाठी परत चालत गेली होती. मांजर चुलीच्या वैलावर बसलेलं होतं, थंड वैलावर.

हे त्यांनी मला चोवीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

चिपळूणच्या माणसाला ही गोष्ट आणखी एका कारणानं लागते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज देतं, मग कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथे पुन्हा वीज देतं आणि शेवटी आमच्या वाशिष्ठीला मिळतं. भर एप्रिलात आमची नदी वाहती असते ती त्यामुळे. म्हणजे सासूबाईंच्या माहेरावर साठलेलं पाणीच त्यांच्या सासरच्या दारावरून जातं. मी भूगोलात हे शिकले होते. ‘रिंगाण’ वाचेपर्यंत या दोन गोष्टी मी कधी एकत्र धरल्या नव्हत्या.

त्यानंतर ‘झाडाझडती’ पुन्हा काढणं ओघानंच आलं. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९९१ची, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी मिळालं. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मुलगी पाळण्यात होती. तेव्हा मला खैरमोडे गुरुजींची कणव आली होती, आणि कागदपत्रांची, कचेऱ्यांची, खेपांची पानं मी भराभर उलटली होती. या वेळी नेमकी तीच पानं सावकाश वाचली. पुरानंतर आम्हीही नुकसानीचे अर्ज भरले. मशीनचं बिल मागितलं होतं, आणि बिल मशीनबरोबरच चिखलात गेलं होतं. आमचं थोडक्यात निभावलं, घर जाग्यावर राहिलं. पण खिडकीपलीकडचा माणूस आपल्याकडे न बघता “पुढचा” म्हणतो तेव्हा पोटात जे होतं, ते पाटलांनी तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. कादंबरी कुठे कुठे भाषणासारखी होते, राग इतका असतो की पात्रांच्या तोंडी मावत नाही, हे माझं मत या वाचनातही बदललं नाही. पण तो राग आवश्यक होता असं आता वाटतं. दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचा असं मी सांगेन, आणि आधी ‘झाडाझडती’ वाचा. तिथे अख्ख्या गावाचा आरडाओरडा ऐकू येतो. ‘रिंगाण’मध्ये एक माणूस, एक जनावर, आणि बाकी सगळं रान.

श्रावणात मी माळ्यावरून ‘तुंबाडचे खोत’ उतरवली. या पुस्तकाचा माझ्याकडे इतिहास आहे. जानेवारी २०१३मध्ये ८६वं साहित्य संमेलन चिपळुणात झालं. त्याच महिन्यात श्री. ना. पेंडशांच्या जन्माला शंभर वर्षं झाली होती. लग्नसराईचे साठवलेले पैसे घेऊन मी ग्रंथप्रदर्शनात गेले आणि दोन्ही खंड घेतले, बाकी काही घ्यायला पैसे उरले नाहीत. ते खंड २०२१ला गेले. गेल्या दिवाळीत मुलीनं तिच्या पगारातून मला नवे आणून दिले.

कादंबरीतलं तुंबाड जगबुडीच्या काठचं, खेडकडचं. ही जगबुडी पुढे दाभोळच्या खाडीच्या आधी आमच्या वाशिष्ठीला मिळते. २०२१च्या त्याच दिवसांत तिनंही खेडात धुमाकूळ घातला होता. पेंडसे जन्मले दापोलीजवळच्या मुर्डीत, नोकरी केली मुंबईत बेस्टमध्ये, आणि लिहीत राहिले कोकणातल्या या कोपऱ्याबद्दल. खोतांच्या चार पिढ्या, त्यांचा माज, त्यांची भांडणं, घराला लागलेली उतरती कळा, आणि या सगळ्याच्या कडेनं वाहणारी नदी. पहिला खंड मी सहा दिवसांत संपवला. दुसऱ्या खंडात मला गती मंदावल्यासारखी वाटते, पहिल्या वाचनातही वाटली होती. तरीही सोडवत नाही, कारण तोवर ही माणसं आपल्या आळीतली झालेली असतात. मला त्यातल्या घराचं मोठं वेड आहे. माजघर, ओटी, माडी, कुठून कुठे जाता येतं, कुणी कुठे बसायचं आणि कुणी नाही, हे सगळं पेंडसे असं मांडतात की मी त्या घरात अंधारात चालू शकेन. ज्यानं स्वतःचं घर एकदा चिखलात चाचपडून ओळखलंय, त्याला हे जास्त कळतं.

भाद्रपदात गणपतीची कामं. त्यात पुस्तक नाही.

मग आली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. हे पुस्तक मी शाळेत धड्यासाठी वाचलं असेन, आवडलंही असेल, पण खरं वाचलं ते या ऑक्टोबरात. १९५५चं पुस्तक. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा भरवतो, तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळ सगळी वस्ती उठवून लावतो. पाण्यानं उठलेल्या गावांची पुस्तकं वाचून झाल्यावर पाणी नाही म्हणून उठलेलं गाव वाचायला घेतलं, आणि दोन्हीकडे माणसं एकाच पद्धतीनं निघतात हे बघून गप्प झाले. आधी जनावरांचा विचार, मग म्हाताऱ्यांचा, मग भांड्यांचा.

पण मला या पुस्तकातली सगळ्यात जवळची जागा दुसरीच आहे. कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरकडे चोळी शिवून आणायचं काम देते, आणि त्यावरून कारभाऱ्याच्या मनात भलतंच येतं. माडगूळकरांनी हा प्रसंग थोडक्यात उरकलाय, पण मी त्यावर चांगली अर्धी दुपार घालवली. कारण चोळीचं माप ही फार नाजूक गोष्ट आहे. आजही आमच्याकडे वरच्या वाड्यांतून बायका मापाला जुना ब्लाऊज पाठवतात, तो घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून येतो, आणि आणून देणारा दीर असेल तर तो पुडकं काउंटरवर ठेवून रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. अंजीनं काय विचार करून मास्तरला सांगितलं असेल? तिला दुसरं विचारायला कोण होतं? तालुक्याला जाणारा एकच शिकलेला, मायाळू माणूस तिच्या ओळखीचा. तिच्या मनात नव्या चोळीची हौस, दुसरं काही नाही. आणि कारभाऱ्याला जे वाटलं तेही त्या काळात चुकीचं म्हणता येत नाही. मास्तर मध्ये सापडला. मी शिवणकाम करत नसते तर हा प्रसंग माझ्या हातून निसटला असता. याच दुपारी ‘माणदेशी माणसं’ आठवलं, की अरे, ते माझ्याकडे होतं, निळसर पाठीचं, ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’च्या शेजारी. उठून यादीत लिहिलं.

माडगूळकरांचंच ‘सत्तांतर’ लगोलग वाचलं. वानरांच्या टोळ्यांची छोटी कादंबरी, एका बैठकीत होते. आमच्या बहिणीच्या आंब्याच्या बागेत वानरांनी उच्छाद मांडलाय, तिला वाचायला दिली. ती म्हणाली, पुस्तक छान आहे पण आंबे राहिले नाहीत.

आता ‘आयदान’. उर्मिला पवारांचं हे आत्मकथन २००३चं, आणि इतकी वर्षं ते माझ्या हाती कसं लागलं नाही याचं वाईट वाटतं, कारण त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या टोपल्या, सुपं, रोवळ्या. उर्मिलाताईंची आई आयदानं विणून घर चालवायची. पुस्तकाच्या सुरुवातीलाच डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका आहेत. त्यांचं चालणं, त्यांचं बोलणं, एकमेकींची थट्टा, दमणं, हे सगळं मी एका दमात वाचलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचा धागा एकच आहे असं त्या म्हणतात. हातानं काम करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

या पुस्तकातून मला एक गोष्ट फार खोल लागली आणि ती लिहिणं मला भाग आहे. मी लहानपणी ज्या घरात वाढले तिथे सुपं-टोपल्या विकायला येणारी बाई पायरीच्या खाली बसायची. पैसे वरून टाकले जायचे. मी ते रोज बघितलंय. मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. ती बाई घरी जाऊन काय करत असेल, तिची मुलगी शाळेत जाते का, ती मुलगी माझ्या वर्गात असू शकते, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ‘आयदान’मध्ये ती मुलगी बोलते आहे, आणि तिला त्या पायऱ्या सगळ्या आठवतात. आमच्या घरात अजून त्या बाईकडून घेतलेली एक रोवळी होती, पन्नास वर्षांची. पुरात सगळ्या जड वस्तू गेल्या, ती हलकी म्हणून तरंगली आणि खिडकीच्या गजात अडकून राहिली. तांदूळ मी अजून तिच्यातच धुते.

आणि ‘स्मृतिचित्रे’. हे मी वाचलं नाही, ऐकलं. मुलगी पुण्याला नोकरीला आहे. आश्विनात मला कामाचा ताण होता, वाचायला जमेना, तर ती म्हणाली, आई, मी रात्री फोनवर वाचून दाखवते. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, पुस्तकावरच्या हक्काची मुदत कधीच सरलीय, त्यामुळे तिला ते नेटवर सहज मिळालं. रोज साडेनऊला फोन लावायची. मी फोन मशीनच्या पाटावर ठेवून हातशिलाईची कामं करायची, कारण मशीन चालू असली तर ऐकू येत नाही. हूक लावणं, पदराला गोंडे, साडीला फॉल, सगळं त्या महिन्यात ‘स्मृतिचित्रे’च्या साथीनं झालं.

पुस्तक मी पूर्वी वाचलं होतं, पण मुलीच्या आवाजात ते वेगळंच झालं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं टोकाचं सोवळं, नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा संताप आणि लगेच विरघळणं, मग १८९५मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंवर कोसळलेलं आकाश, पुढची ताटातूट, आणि पुन्हा एकत्र येणं. लग्नानंतर कशीबशी अक्षरओळख झालेली ही बाई इतकं थेट कसं लिहू शकते? ती कुणाला वाईट ठरवत नाही, स्वतःला बिचारी करत नाही. दुःखाच्या मधोमध हसू आणते आणि ते हसू खोटं वाटत नाही. टिळक ख्रिस्ताच्या आयुष्यावरचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अर्धवट टाकून गेले, ते पुढे तिनं नेटानं लिहून पूर्ण केलं. मुलगी वाचता वाचता दोनदा थांबली. एकदा हसू आवरेना म्हणून. दुसऱ्यांदा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मीही हातातली सुई तशीच धरून बसले. मग ती म्हणाली, उद्या वाचू. मी म्हटलं, बरं.

आता वाचायची राहिलेली.

सगळ्यात आधी कृष्णात खोतांचीच ‘झड-झिंबड’. नावातच पाऊस आहे. ‘रिंगाण’ वाचून झाल्यापासून मी ती शोधते आहे. वाचनालयात नाही, आमच्याकडच्या दुकानात नाही. सासूबाई रोज विचारतात, त्या लेखकाचं दुसरं आलं का.

मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’. ते १८ जून २०२५ला सोलापुरात गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. त्यांचं ‘रानवाटा’ माझ्या बुडालेल्या पुस्तकांत होतं. बातमी वाचून मी त्याच दिवशी वाचनालयात गेले तर त्यांची सगळी पुस्तकं बाहेर गेलेली, ‘चकवाचांदण’साठी माझ्या आधी पाच जणांची नावं. मला याचा आनंदच झाला. मार्गशीर्ष संपेपर्यंत माझा नंबर लागेल असं मॅडम म्हणाल्यात.

भैरप्पांचं महाभारतावरचं ‘पर्व’, मूळ कन्नड, उमा कुलकर्णींच्या अनुवादातलं. भैरप्पाही त्याच वर्षी सप्टेंबरात गेले. इरावती कर्व्यांचं, महाभारतावरचंच ‘युगान्त’ मी तीनदा वाचलंय, आणि ज्यांना ज्यांना ते आवडतं ते सगळे मला म्हणतात, मग ‘पर्व’ वाचच. जाड आहे, त्याला पौषही पुरायचा नाही, पण सुरुवात करणार. रंगनाथ पठाऱ्यांचं ‘सातपाटील कुलवृत्तांत’ही तसंच जाड. ते पुढच्या आषाढासाठी राखून ठेवलंय, त्याला सलग दिवस हवेत, तुकड्या-तुकड्यांनी वाचायचं ते पुस्तक नव्हे असं वाचलेल्यांनी सांगितलंय.

प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ मात्र मला लगेच हवी आहे. बांदेकर सावंतवाडीचे. पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ मी एकदा पाहिलाय, आणि खेळ संपल्यावर त्या बाहुल्यांचे कपडे जवळून बघू देता का म्हणून विचारलं होतं. त्यांनी दिलं बघू. इवल्याशा अंगरख्याला आतून दुहेरी शिलाई होती, ओढाताणीत उसवू नये म्हणून. बाहुल्यांवरून आपल्या काळाबद्दल बोलणारी कादंबरी कोकणातल्या माणसानं लिहिलीय म्हटल्यावर मला थांबवत नाही.

ही पुस्तकं आणायची कुठून, तर साताऱ्याहून. ९९वं संमेलन तिथे २०२६च्या १ ते ४ जानेवारीला भरतंय आणि अध्यक्ष आहेत ‘झाडाझडती’चे विश्वास पाटील. पौष आहे, हातात काम नाही, आणि तेरा वर्षांनी मी पुन्हा संमेलनाला जाणार आहे. यांना सुट्टी नाही, म्हणून मुलगी पुण्याहून थेट साताऱ्याला येईल आणि मी इथून कुंभार्ली घाटानं, हेळवाक, पाटण, उंब्रज करत. पुस्तकांसाठी पिशवी शिवलीय. जुन्या जीन्सचं कापड, आतून खादीचं अस्तर, बंदांना टोकाशी चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई, म्हणजे वजनानं सुटत नाहीत. खोली किती ठेवावी कळेना, तेव्हा ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड एकावर एक ठेवून टेपनं मोजले आणि वर चार बोटं सोडली.

सासूबाईंनी काल पिशवी हातात घेऊन ओढून पाहिली. मग म्हणाल्या, यष्टीत खिडकीची जागा धर, हेळवाकाला कोयना दिसते, किती पाणी आहे ते बघून ये.